बोउर ते गासादालुर: टपालाच्या वाटेनं डोंगर ओलांडताना

फेरो बेटांमधल्या वागार बेटाच्या पश्चिम टोकाला गासादालुर नावाचं गाव आहे. जेमतेम वीसेक माणसांची वस्ती, गवताच्या छपरांची काही घरं, मागे ७०० मीटरच्या वर गेलेले डोंगर आणि पुढे थेट समुद्रात तुटलेला कडा. २००४ पर्यंत या गावाला रस्ता नव्हता. दुकान, डॉक्टर, नातेवाईक, काहीही गाठायचं तर डोंगर चढून पलीकडच्या बोउर गावात उतरायचं. टपालवाला आठवड्यातून तीनदा पाठीवर पिशवी घेऊन हाच डोंगर ओलांडायचा, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यातही. मग डोंगरातून सुमारे १.४ किलोमीटरचा बोगदा निघाला आणि दोन-तीन तासांचं चालणं दोन-तीन मिनिटांवर आलं.

वाट मात्र शिल्लक आहे. एका बाजूनं सुमारे साडेतीन किलोमीटर, चढाई चारशे मीटरच्या थोडी वर. सह्याद्रीत भटकणाऱ्याला हे आकडे किरकोळ वाटतील. आतकरवाडीतून सिंहगड चढणं यापेक्षा जास्त आहे. पण आकड्यांवर जाऊन या वाटेला 'तासाभराचा फेरफटका' समजू नका, एवढं आधीच सांगते. ही घाटवाट आहे. आपल्याकडे कोकण आणि देश जोडणाऱ्या वाटा जशा गरजेतून पडल्या, तशीच ही पडली, आणि घाटवाटेला लागते तीच तयारी हिलाही लागते. मी ही वाट दोन प्रयत्नांत पूर्ण केली. पहिल्या वेळी धुक्यामुळे वरच्या टप्प्याच्या अलीकडूनच मागे फिरले. या लेखातला बराचसा भाग त्या माघारीतून शिकलेला आहे.

निघण्याआधी: व्हिसा आणि पोहोचणं

फेरो बेटं डेन्मार्कच्या राज्याचा भाग आहेत, पण १९४८ पासून त्यांचा अंतर्गत कारभार स्वतंत्र आहे आणि ती युरोपीय संघात नाहीत. भारतीय पारपत्रावर प्रवास करणाऱ्यांची चूक नेमकी इथे होते. नुसता शेंगेन व्हिसा पुरत नाही. अर्ज करतानाच फेरो बेटांवर जाणार असल्याचं सांगावं लागतं आणि व्हिसा फेरो बेटांसाठी वैध असल्याचा उल्लेख त्यावर असावा लागतो. जर्मनी किंवा नेदरलँड्समध्ये नोकरी करणाऱ्या आपल्या लोकांनीही तिथला निवास परवाना आपोआप चालेल असं धरू नये, डॅनिश अधिकाऱ्यांकडून आधी खात्री करून घ्यावी. तीच गोष्ट फोनची. युरोपीय संघात मोफत चालणारं रोमिंग इथे लागू नाही. दर न बघता नकाशे उघडत बसलात तर बिल डोळे पांढरे करेल.

विमान सहसा कोपनहेगनहून मिळतं, सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. विमानतळ वागार बेटावरच आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी ही बेटं ताब्यात घेतली होती, तेव्हा त्यांनीच तो बांधला. म्हणजे या वाटेसाठी राजधानी तोर्शाव्नला जायचीही गरज नाही. विमानतळाशेजारी सोरवागुर हे गाव आहे आणि तिथून चारेक किलोमीटरवर बोउर. तोर्शाव्नमध्ये मुक्काम असेल तर समुद्राखालच्या बोगद्यातून वागारला यावं लागतं. २००२ मध्ये सुरू झालेला हा बोगदा जवळपास पाच किलोमीटरचा आहे आणि त्याला पथकर आहे. भाड्याची गाडी घेताना तो पथकर कसा भरायचा ते विचारून ठेवा.

धुक्यामुळे विमानं अडकतात, कधी कधी दिवस-दिवस. त्यामुळे परतीच्या विमानाआधी किमान एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा, आणि चालण्यासाठीही एकच दिवस राखून ठेवू नका. सलग तीन दिवस वागारवर राहिलात तर त्यातला एक दिवस चालण्याजोगा मिळण्याची बरीच आशा असते. एकाच दिवसावर सगळा बेत टांगला की माणूस नको त्या हवेत डोंगरावर चढतो.

नावांबद्दलही थोडं. फेरो भाषेत लिहितात एक आणि बोलतात दुसरं. 'गासादालुर' कानाला 'ग्वासादेआलुर'सारखं ऐकू येतं. वाट विचारायची वेळ आली तर नाव कागदावर किंवा फोनवर लिहिलेलं दाखवा, पटकन काम होतं. इंग्रजी बहुतेकांना येतं.

कोणत्या महिन्यात, कोणत्या दिवशी

मे अखेर ते सप्टेंबरचा मध्य हा बरा काळ. त्याआधी वरच्या भागात बर्फ असू शकतो आणि त्यानंतर दिवस झपाट्यानं लहान होतात. जूनमध्ये उजेडाची चिंताच नसते, रात्री अकरानंतरही दिसत असतं. याचा फायदा असा की सकाळी हवा वाईट असेल तर दुपारी दोनला किंवा चारला निघता येतं. सह्याद्रीत आपण 'पहाटे निघा, उन्हाआधी चढा' हे घोकलेलं असतं. इथे ते सोडून द्या. इथे ऊन तुमचा शत्रू नाही, धुकं आणि वारा आहेत. हवा ज्या वेळी उघडेल ती निघायची वेळ.

जुलैतलं सरासरी तापमान अकरा अंशांच्या आसपास असतं. ऐकायला सुखद वाटतं. पण त्यात वारा आणि भुरभुर पाऊस मिसळला की डिसेंबरातल्या पहाटे ओल्या कपड्यांनी कळसूबाईच्या माथ्यावर उभं राहिल्यासारखं होतं.

आदल्या रात्री आणि निघताना दोनदा हवामान पाहा. नॉर्वेच्या किंवा डेन्मार्कच्या हवामान खात्याचा अंदाज इथे सर्रास वापरतात. तिथे वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात दिलेला असतो. आपल्याला तो आकडा लहान वाटतो आणि तिथेच फसायला होतं. १० मीटर प्रति सेकंद म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. माझा नियम असा: दहापर्यंत जायला हरकत नाही, दहाच्या वर झोतांचा आकडा वेगळा बघून ठरवायचं, पंधराच्या वर असेल तर गाडीनं गासादालुरला जाऊन धबधबा पाहायचा आणि परत यायचं. वाटेच्या एका बाजूला उतार समुद्राकडे तुटत जातो. तिथे पाठपिशवीसह वाऱ्याचा एक झोत पुरेसा असतो.

आणखी एक सोपी चाचणी आहे. बोउरमध्ये उभं राहून समुद्राकडे बघा. टिंडहोल्मुर नावाचं करवतीसारख्या दातांचं निर्मनुष्य बेट खाडीच्या तोंडाशी दिसतं. त्याचा माथा २६२ मीटरचा आहे. तुमची वाट त्याहून बरीच वर जाते. टिंडहोल्मुरचं टोक ढगात गेलं असेल, तर वरच्या टप्प्यावर तुम्हाला स्वतःचे बूटही धड दिसणार नाहीत. मी पहिल्या दिवशी हे पाहिलं होतं आणि 'उघडेल' म्हणून निघाले होते. नाही उघडलं.

अंगावर काय, पाठीवर काय

सुती कपडे घालू नका, जीनही नको. आतून लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा घाम शोषून न ठेवणारा थर, त्यावर ऊबदार थर, सगळ्यात वर वारा आणि पाणी दोन्ही अडवणारं जाकीट. पाणी अडवणारी पँटही हवीच. फेरो बेटांवर पाऊस डोक्यावर पडत नाही, तो आडवा येतो. आपल्या पावसाळी भटकंतीतला पोंचो तर मुळीच आणू नका. वाऱ्यात तो शिडासारखा फुगतो आणि तुम्हाला ओढून नेतो. छत्रीचा तर प्रश्नच नाही. कानटोपी आणि हातमोजे जुलैतही पिशवीत असू द्या.

घोट्याला आधार देणारे, खोल नक्षीच्या तळव्याचे आणि पाणी आत न घेणारे बूट घ्या. इथला निसरडेपणा आपल्या शेवाळलेल्या कातळासारखा कमी आणि ओल्या गवताच्या उतारासारखा जास्त आहे. पावसाळ्यात गडाच्या गवताळ घसाऱ्यावरून उतरला असाल तर लगेच ओळखाल. एक काठी जरूर घ्या, तिचा दुसरा उपयोग पुढे सांगते.

खाण्यापिण्याचं सामान सोरवागुर किंवा मिडवागुरमधून आधीच घ्या. रविवारी दुकानं लवकर बंद होतात किंवा उघडतच नाहीत. घरून नेलेले ठेपले, शेंगदाण्याची चिक्की, खजूर यांच्याइतकं सोयीचं काही नाही. वाऱ्यात डबा उघडून बसणं जमत नाही, एका हातात धरून खाता येईल असंच हवं. पाणी एक लिटर आणि शक्य झाल्यास थर्मासमध्ये गरम चहा. वाटेत ओढे आहेत, पण वर सगळीकडे मेंढ्या चरतात, त्यामुळे मी ते पाणी प्यायले नाही.

नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, बॅटरी खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. आपत्कालीन क्रमांक ११२. मुक्कामाच्या ठिकाणी कुठल्या वाटेनं जाताय आणि कधी परत येणार हे सांगून निघा. वाटेसंबंधीचे नियम, शुल्क, तात्पुरती बंदी यांत बदल होत असतात, म्हणून जायच्या आठवड्यात वागारच्या पर्यटन कार्यालयाची माहिती एकदा पाहून घ्या.

बोउरकडून की गासादालुरकडून?

बहुतेक जण बोउरहून निघतात आणि पहिल्या खेपेला मीही तेच सुचवेन. या बाजूचा चढ मोठा असला तरी हळूहळू उंची घेतो, आणि गासादालुरचं दर्शन सर्वात शेवटी, वरून, अचानक होतं.

पण आदल्या दिवशी भरपूर पाऊस झाला असेल तर उलटा विचार करा. गासादालुरकडची बाजू जास्त उभी आहे. चढ दमवतो आणि उतार फसवतो हे कुणाही भटक्याला सांगायला नको. गवत ओलं असताना ती उभी बाजू चढून जाणं, ती उतरण्यापेक्षा केव्हाही बरं. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनीही गासादालुरहून चढून बोउरला उतरावं.

वाट, टप्प्याटप्प्यानं

बोउरमध्ये गाडी लावताना कुणाच्या दारासमोर किंवा शेताच्या फाटकाशी लावू नका. गाव छोटं आहे, रस्ते त्याहून अरुंद. काळी डांबरलेली लाकडी घरं, गवताची छपरं आणि १८६५ चं लहानसं चर्च बघत गावातून जरा फिरा. 'बोउर' या शब्दाचा अर्थच मुळी गावाजवळची कुंपणातली शेतजमीन. कुंपणापलीकडचा डोंगर म्हणजे 'हागी', मेंढ्यांची चराई. हा भेद इथे फार जुना आहे. मेंढ्या आणि चराईचे नियम लिहिलेला १२९८ चा दस्तऐवज फेरो लोकांच्या इतिहासातला सर्वात मोलाचा कागद मानला जातो. नॉर्वे किंवा स्वीडनमध्ये कुणीही रानात कुठेही फिरू शकतो, तसा हक्क इथे नाही. जमीन कुणाच्या तरी मालकीची आहे आणि तुम्ही तिथून चालताय ते जुनी गाववाट आहे म्हणून. वाट सोडायची नाही, फाटक उघडलं तर लावायचं, मेंढ्यांच्या मागे लागायचं नाही. मे-जूनमध्ये कोकरं लहान असतात, तेव्हा तर लांबूनच जायचं.

गावातून पश्चिमेकडे गासादालुरच्या रस्त्यानं निघा. डावीकडे खाडी आणि पुढे टिंडहोल्मुर, त्याच्या अलीकडे ड्रांगार्निरचे समुद्रात उभे असलेले दोन सुळके. त्यातल्या एकाला आरपार भोक आहे. बोगद्याच्या तोंडाच्या अलीकडे रस्ता सोडून वर जाणारी पायवाट लागते. इथून चढ सुरू.

पहिला अर्धा-पाऊण तास गवताळ उतारावरून तिरकं चढायचं आहे. वाट स्पष्ट असते, पण मेंढ्यांनी पाडलेल्या वाटा तिला सारख्या फुटतात. आपल्याकडे ढोरवाटा जशा चकवतात, अगदी तसं. नियम एकच: दगडांच्या रचलेल्या खुणांकडे नजर ठेवा. आपण ज्याला लगोरी म्हणतो तशाच, पण कमरेइतक्या उंच आणि भक्कम. फेरो भाषेत त्यांना 'वार्दार' म्हणतात. धुक्यात टपालवाल्यालाही दिसाव्यात म्हणून त्या तशा बांधल्या आहेत. एका लगोरीपाशी पोहोचलात की पुढची दिसते का बघा. दिसली तरच पुढे निघा. दिसत नसेल तर तिथेच थांबा, धुकं सरकण्याची वाट बघा. दोन चालणारे असाल तर एकानं लगोरीपाशी उभं राहावं आणि दुसऱ्यानं आवाजाच्या टप्प्यात राहून पुढची शोधावी.

या लगोऱ्यांवर आपला दगड ठेवण्याचा किंवा शेजारी नवी लगोरी रचण्याचा मोह अनेकांना होतो. कृपा करून तसं करू नका. चुकीच्या जागी रचलेली एक खूण धुक्यात कुणाला तरी कड्याकडे नेऊ शकते.

चढताना खाली बघत राहा, कारण हा भूगोल तुमच्या ओळखीचा आहे. फेरो बेटं बेसॉल्टची आहेत, लाव्हाच्या थरांवर थर साचून साडेपाच-सहा कोटी वर्षांपूर्वी तयार झालेली. आपला दख्खनचा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. त्यामुळे डोंगराची घडणही तशीच: उभा कडा, मग गवताचा पदर, पुन्हा कडा, पुन्हा पदर. पदरातून आडवं जाऊन कड्यातली सोपी जागा शोधायची आणि वर सरकायचं, ही युक्ती सह्याद्रीतल्या वाटाड्यांना जशी ठाऊक, तशी इथल्या गावकऱ्यांनाही होती. माझं मन इथे पहिल्यांदा स्थिरावलं ते याच ओळखीमुळे. फरक एवढाच की इथे झाड म्हणून नाही. धरायला बुंधा नाही, आडोशाला करवंदाची जाळी नाही, वारा थेट अंगावर.

मधल्या टप्प्यात वाट काही ठिकाणी उताराच्या अगदी कुशीतून जाते आणि डावीकडे खोली जाणवते. वाट अरुंद असली तरी पाऊल नीट मावतं, हात लावून चढावं लागेल असं काही नाही. तरीही दृष्टिभय असणाऱ्यांनी उजवीकडे डोंगराच्या बाजूला नजर ठेवून सावकाश जावं. मुलं बरोबर असतील तर हा भाग हात धरून. ओढे ओलांडताना दगडांवर उड्या मारू नका, ते ओले आणि गुळगुळीत असतात. बूट पाण्यात बुडाला तरी चालेल, सपाट तळावर पाय ठेवा. जमीन काही जागी स्पंजासारखी मऊ असते. हिरव्या गवतात अचानक शेवाळी, चमकदार ठिगळ दिसलं की तिथे पाणी आहे असं समजा आणि वाटेनंच, चिखलातून का होईना, पुढे जा. कडेनं फिरून जायला लागलं की वाट रुंद होत जाते आणि चराईचं गवत मरतं.

वरच्या भागात मोठा तपकिरी समुद्रपक्षी तुमच्या डोक्याच्या रोखानं झेपावला तर घाबरू नका. 'स्कुग्वुर' नावाचा हा पक्षी जमिनीवर घरटं करतो आणि जवळ आलेल्याला हाकलतो. काठी डोक्याच्या वर उभी धरा. तो सर्वात उंच टोकावर झेप घेतो, ते टोक तुमचं डोकं नसलं म्हणजे झालं. थांबून फोटो काढत बसू नका, त्याच्या हद्दीतून सरळ बाहेर पडा. ड्रोन तर मुक्कामीच ठेवा. पक्ष्यांची घरटी आहेत आणि विमानतळ जवळ आहे.

वाटेवर दोन जागा अशा आहेत जिथे मी दोन्ही वेळा थांबले. एक दगड आहे, त्याला 'लीकस्टायनुरिन' म्हणतात, म्हणजे प्रेताचा दगड. गासादालुरला पूर्वी स्वतःची दफनभूमी नव्हती. गावात कुणी गेलं की शवपेटी खांद्यावर घेऊन हा डोंगर ओलांडावा लागे आणि बोउरला नेऊन पुरावं लागे. या उभ्या उतारांवर पेटी टेकवून श्वास घ्यायला मिळण्यासारखी ही जागा. एकोणिसाव्या शतकात गावाला आपली दफनभूमी मिळाली, तेव्हा कुठे ही पायपीट संपली. दुसरी जागा म्हणजे एक झरा, 'पवित्र झरा' म्हणून ओळखला जाणारा. वाटेत आजारी पडलेल्या तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा पाद्र्यानं इथल्या पाण्यानं केला, अशी आठवण सांगतात. त्या दगडावर बसून चिक्की खाणं मला जमलं नाही. थोडं पुढे जाऊन बसले.

माथ्याजवळ चढ मंदावतो आणि दगडाळ, उघडी जागा येते. इथे एक ठरवून ठेवलेला निर्णय घ्यायचा असतो, आणि तो दमलेल्या अवस्थेत नव्यानं करायचा नसतो. माझा निर्णय असा: माथ्यावरून पुढची लगोरी आणि त्यापुढची, अशा दोन दिसल्या तर गासादालुरकडे उतरायचं. एकच दिसत असेल तर पंधरा मिनिटं वाऱ्याच्या आडोशाला बसून वाट बघायची. तरीही एकच, तर आल्या वाटेनं बोउरला परत. कारण पुढचा उतार उभा आहे आणि चुकीच्या जागी डावीकडे सरकलात तर खाली समुद्र आहे. पहिल्या वेळी मला माथ्याच्या अलीकडेच पुढची खूण दिसेना. पंधरा मिनिटं बसले, दात वाजायला लागले, फिरले. खाली बोउरमध्ये पोहोचेपर्यंत ऊन पडलं होतं. हळहळ वाटली. पण वर ढग तसाच बसलेला होता, तो मला खालून दिसत होता.

दुसऱ्या दिवशी मात्र वर पोहोचले तेव्हा पश्चिम सगळी मोकळी होती. समोर समुद्रात मिचिनेस, फेरोंचं सर्वात पश्चिमेचं बेट, आणि पायाशी हिरव्या वाडग्यासारखी दरी. त्यात मूठभर घरं. या जागेवर घाई करू नका.

उतरताना वाट वळणं घेत खाली जाते. ती वळणं कापून सरळ उतरू नका. पाऊल आडवं ठेवा, टाच आधी रोवा, काठी उताराच्या बाजूला. गवत ओलं असेल तर एकामागोमाग एक उतरा आणि मध्ये अंतर ठेवा, म्हणजे वरचा घसरला तर खालच्याला घेऊन जाणार नाही. हा उतार चाळीस मिनिटं ते तासभर घेतो. एकूण चालणं, थांबे धरून, अडीच ते तीन तास. फोटोची आवड असेल तर त्याहून जास्त.

गासादालुरमध्ये

गावात शिरताना हे लोकांचं राहतं घर आहे, हे विसरू नका. रस्ता झाल्यापासून रोज गाड्या भरून माणसं येतात, खिडक्यांतून आत डोकावतात, कुंपणांवर चढतात. आपण डोंगर ओलांडून आलोय, तर पाहुण्यासारखं वागू या. एक आजी अंगणात कपडे वाळत घालत होत्या. मी बोउरहून चालत आले, असं सांगितल्यावर त्यांनी डोंगराकडे बघितलं आणि माझे बूट बघून हसल्या. चिखल गुडघ्यापर्यंत होता.

मुलाफोसुर धबधबा गावाखालीच आहे. ओढा कड्याच्या काठावरून थेट समुद्रात पडतो. तो बघण्याची वाट आखलेली आहे, तिथूनच बघा. काठावरचं गवत पुढे झुकलेलं असतं आणि त्याखाली माती असेलच असं नाही. वारा समुद्राकडून जोरात येत असेल तर पाणी वर उडतं. नाणेघाटात पावसाळ्यात उलटा धबधबा पाहिला असेल तर हे दृश्य ओळखीचं वाटेल, फक्त खाली दरीऐवजी अटलांटिक.

धबधब्याजवळून कड्याखाली उतरणाऱ्या पायऱ्यांचे अवशेष दिसतात. युद्धकाळात ब्रिटिशांच्या वेळी त्या बांधल्या गेल्या. खाली होडी लागेल असा धड किनारा नाही, म्हणून गासादालुरचे मासेमार आपल्या होड्या बोउरजवळ ठेवत. म्हणजे मासेमारीला जायचं तरी आधी डोंगर चढायचा. त्या पायऱ्यांवर उतरू नका, निसरड्या आणि खचलेल्या आहेत. वरून बघितल्या तरी पुरे कळतं.

परत कसं यायचं

हा प्रश्न सकाळीच सोडवून ठेवा. तीन पर्याय आहेत. अंगात ताकद आणि हवेत दम असेल तर आल्या वाटेनं परत, एकूण पाच-सहा तासांचा दिवस होतो. दुसरा, सोरवागुरहून टॅक्सी ठरवून तिला वेळ देऊन ठेवणं. त्यांना निश्चित वेळ हवी असते, म्हणून पोहोचण्याच्या अंदाजात एक तास जास्तीचा धरा. तिसरा, बस. या बाजूला बसच्या फेऱ्या मोजक्या असतात, वेळापत्रक आदल्या दिवशी पाहा आणि फेरीसाठी आधी कळवावं लागतं का तेही बघा. दोन गाड्या असलेला गट असेल तर एक गाडी आधीच गासादालुरला लावून येणं सर्वात सोयीचं.

बोगद्यातून चालत परतण्याचा विचार करू नका. तो एकाच गाडीच्या रुंदीचा आहे, मध्ये फक्त बाजू देण्यासाठी कोनाडे आहेत, आणि आत चालणारा माणूस चालकाला दिसत नाही. पाऊस असला आणि बोउर बोगद्यापलीकडे लगेच आहे असं वाटलं, तरीही नाही. गावातल्या कुणालाही विचारा किंवा थांबलेल्या गाडीवाल्याशी बोला, बोउरपर्यंत सोडायला लोक सहसा नाही म्हणत नाहीत. मला एका जोडप्यानं सोडलं. बोगद्यात शिरल्यावर मी घड्याळ लावलं होतं. दुसऱ्या तोंडातून बाहेर पडलो तेव्हा अडीच मिनिटंही झाली नव्हती, आणि उजवीकडे खाडीच्या तोंडाशी टिंडहोल्मुरचं टोक पुन्हा ढगात गेलं होतं.